न मोजलेली कोकरं

२४ जून, सोमवार
ड्युटी हिंगोली–नांदेड, सकाळची फेरी. कळमनुरी मागे पडलं की मी तिकीट मशीनमध्ये डोकं घालते. कालव्याचा पूल येतो, मग सरळ पट्टा, मग बाळापूर. तीन वर्षं होऊन गेली, अजून त्या पट्ट्यात मान वर होत नाही. तिथंच आबांना टिप्परनं उडवलं. दुपारी साडेतीनला, लख्ख उन्हात, मेंढरं रस्ता ओलांडत असताना.

आज टिप्परच्या विमा कंपनीनं कोर्टात दिलेल्या जबाबाची नक्कल मिळाली. बसमध्येच वाचली, ते चुकलंच. "मयताच्या पत्नीने निष्काळजीपणे मेंढ्यांचा कळप अचानक मुख्य रस्त्यावर घातला व त्यामुळेच अपघात घडला." मयताची पत्नी म्हणजे माझी माय. दहाव्याला आत्याही चारचौघांत हेच बोलली होती: "वहिनीनं रस्ता सोडला म्हनून माझा भाऊ गेला." तेव्हा निदान ते तोंडी होतं. आता टाइप होऊन, शिक्का मारून आलंय.

एका म्हाताऱ्याला सुट्ट्यावरून उगाच बोलले. त्याची काही चूक नव्हती.

२६ जून, बुधवार
आमच्या वकील रुखसाना मॅडमकडे गेले. मॅ. म्हणजे बाळापूरच्या बाजारात गाद्या-रजया भरणाऱ्यांची लेक. उंची पाच फुटाच्या आत, आवाज मात्र स्टँडवरच्या भोंग्याएवढा.

म्हणाल्या, "ताई, एक ध्यानात घ्या. माणूस गेला एवढ्यानं होत नाही. टिप्परवाल्याची चूक होती हे आपल्याला साबित करावं लागतं. पोलीस तर मयताचीच चूक लिहून मोकळे झाले."

मी म्हटलं, भरपाईचं जाऊ द्या हो, मायचं नाव त्या कागदातून निघालं पाहिजे. मॅ. हसल्या. दोन्ही एकच आहे म्हणाल्या. चूक कुणाची ते ठरलं की बाकीचं आपोआप. पण प्रत्यक्ष पाहणारी माणसं दोनच, टिप्परचा ड्रायव्हर आणि माय. माय पुढं होती, आबा मागं.

घरी येऊन मायला विचारलं.
"म्या येनार न्हाई कोर्टात."
"काहून?"
"येनार न्हाई म्हनलं ना!"
ताट सरकवून उठली. आबा गेल्यापासून ती माझ्याकडे कळमनुरीला आहे. मेंढरं गावाकडे लिंबाजीकाकाकडं, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाकडं. तीन वर्षांत एकदाही ती कळपाकडे फिरकली नाही. आणि अपघाताबद्दल एक शब्द बोललेली नाही, माझ्याशीसुद्धा.

१९ जुलै, शुक्रवार
मॅ.ना एक कल्पना सुचली. टिप्परखाली मेंढ्याही मेल्या होत्या. त्यांची तपासणी केली असेलच ना कुणीतरी? केली होती. बाळापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी. त्यांची बदली गोरेगावला झालीय. आज आठवड्याची सुट्टी, तर सेनगाववरून जीपमध्ये कोंबून घेऊन गोरेगाव गाठलं. दिवसभर दुसऱ्याला "पुढं सरका" म्हणणारी मी, आज मलाच कुणीतरी तसं म्हटलं. राग आला.

डॉक्टर भला माणूस. जुनं रजिस्टर शोधायला अर्ज करायला लावला, चहा पाजला, म्हणाला, "इतक्या वर्षांत मेंढ्यांच्या कागदासाठी कुणी आलं नव्हतं." नक्कल मिळेल.

३० जुलै, मंगळवार
नक्कल आली. मेलेल्या मेंढ्या सात, सगळ्या नुकत्याच व्यालेल्या, कासेत दूध. कोकरं पाच, वय आठ ते पंधरा दिवस.

मी खूश. मॅ. नाहीत. पोलिसांच्या पंचनाम्यात "एकूण सात" लिहिलंय. कोकरांचं नावसुद्धा नाही. खाली सही लिंबाजीकाकाची. "एका कागदात सात, दुसऱ्यात बारा. सामनेवाला हेच पकडणार," मॅ. म्हणाल्या.

८ ऑगस्ट, गुरुवार
पकडलंच. डॉक्टरांची उलटतपासणी होती. विमा कंपनीचे वकील (पुढं नुसतं कं.व. लिहीन, एवढं मोठं बिरुद त्यांना कशाला) चष्मा नाकावर आणून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मयताचा सख्खा भाऊ सांगतोय सात. तुम्ही सांगताय बारा. ही पाच कोकरं काय आभाळातून पडली?"

कोर्टात हशा. डॉक्टर बिचारे तेच सांगत राहिले, मी पाहिली, मी तपासली. जज्जसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते कळलं नाही, पण चेहरा बरा दिसला नाही.

येताना काकाचा इतका संताप आला. एवढा साधा आकडा नीट सांगता आला नाही!

११ ऑगस्ट, रविवार
गावाकडं. नरसीला उतरून पायी गेले, तावातावात. काका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसला होता. न बसताच भांडायला सुरुवात केली.

"काका, पोलिसांना सातच काहून सांगितले? कोकरं मेली न्हवती का?"
"मेली व्हती की. पाच."
"मग?"
काका माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी उलट्या बाजूनं भाकरी थापतेय. "पोरी, दुधावरचं कोकरू कोन मोजतंय? दूध तुटलं, चरायला लागलं, मंग मोजायचं. त्याच्या आदी मोजलं की नजर लागती. तुझ्या आज्यानं न्हाई मोजलं, आबानं न्हाई मोजलं. हवालदारानं इचारलं, मेंढरं किती मेली. म्या सात सांगितली."

मी खाली बसले. हे मला माहीत होतं! लहानपणी एकदा मी बोटं करून कोकरं मोजली म्हणून आबांनी माझ्या हातावर चापट मारली होती. मग आश्रमशाळा, मग कॉलेज, मग एसटी, आणि घरचं हे एवढं विसरून मी काकालाच अडाणी ठरवायला निघाले होते. स्वतःची लाज वाटली.

मग एकदम दुसरं आठवलं. "काका, दुधावरच्या मेंढ्या कळपात कुठं चालतात?"
"शेपटाला. कोकरं थकत्यात, मागं राहत्यात. त्यांच्या मागं गडी. म्हनून तर आबा मागं व्हता."

तिथूनच मॅ.ना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, मग असा आवाज की फोन कानापासून लांब धरला. "ताई! म्हणजे टिप्परनं कळपाचं शेपूट मारलं! शंभर मेंढरं त्याच्या डोळ्यांदेखत आधीच पार झाली होती. मग 'अचानक' काय आलं? काकांना आणा!"

काकानं निघताना घोंगडीत बांधून हरभऱ्याची डाळ दिली. भांडायला आलेल्या बाईला.

२३ सप्टेंबर, सोमवार
काका कोर्टात. पांढरं धोतर, नवं पागोटं, पायताण दाराबाहेर काढून आत गेला. कं.व. आधीच खुशीत.

"लिंबाजी, तुमच्याकडे आज मेंढ्या किती?"
"एकशे धा."
"कोकरांसकट?"
"न्हाई."
"कोकरं किती?"
"मोजली न्हाईत."
"म्हणजे तुम्हाला मोजता येत नाही?"
"येतंय की. तुमच्या कोटाला बटनं पाच हायत, चौथं लोंबून राहिलंय."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. कं.व.नी खाली बघितलं, आणि खरंच लोंबत होतं.

मग साहेबांनीच विचारलं, कोकरं का मोजत नाही. काकानं सगळं सांगितलं, हळू, एकेक. मॅ.नी उठून एकच विचारलं: ज्यांची कोकरं दुधावर आहेत त्या मेंढ्या कळपात कुठं असतात? "शेपटाला, साहेब. आमच्यात शेंबड्या पोरालाबी म्हाईत हाय." साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं टायपिस्टला सांगितलं. शेंबड्या पोरासकट.

जे भगदाड म्हणून दाखवलं जात होतं तेच आमचं दार निघालं. दोन्ही कागद खरे. सातही खरे, बाराही खरे. बाहेर आल्यावर काकाला जिलबी खाऊ घातली. मीही खाल्ली. फार दिवसांनी काहीतरी गोड गोड लागलं.

२५ सप्टेंबर, बुधवार
मायनं काकाची साक्ष तीनदा सांगायला लावली. बटनाचं चारदा. मग म्हणाली, "तुझा काका इतकं बोलला? घरी तर तोंडातून शबुद निघत न्हाई त्याच्या."
थोड्या वेळानं, भांडी घासता घासता: "पुढची तारीख कवा हाय?"
मी तारीख सांगितली फक्त.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
आज मायची साक्ष. सविस्तर लिहायचं आहे.

सुरुवात बरी झाली. माय सांगत गेली: पुढं शेळ्या घेऊन मी, मागं ते. मी दोन्ही बाजूंना बघितलं, रस्ता मोकळा होता, शेळ्या घातल्या, मागून मेंढरं लागली. टिप्पर दिसला तेव्हा तो लांब पुलावर होता. आबा मधोमध काठी आडवी धरून उभे. तांबडं पागोटं. "मला वाटलं थांबंल. समदेच थांबत्यात. एसटी थांबती, जीप थांबती."

मग कं.व. उठले. "बाई, कळप रस्त्यावर असताना तुम्ही कुठं होता? रस्त्यावर उभ्या राहून गाड्या थांबवत होता का?"
मायनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले.
"उत्तर द्या."
"न्हाई."
"मग काय करत होता?"
माय इतकी हळू बोलली की साहेबांनी परत विचारलं. "म्या बसले व्हते. पलीकडं. तमाखू मळत."

कं.व.चा चेहरा फुलला. "म्हणजे नवरा मेंढ्या घेऊन रस्त्यात, आणि तुम्ही तंबाखू मळत बसला होता! मला आणखी काही विचारायचं नाही."

संपलं, मला वाटलं. आणि त्याच क्षणी कळलं की माय तीन वर्षं काय गिळून बसली होती. अपघातानंतर तिनं तंबाखू सोडली, मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत फिरले, तब्येतीला चांगलं म्हणून! माय कठड्याला धरून उभी, पदर तोंडात. उठून तिला घरी घेऊन जावं असं वाटलं. घालू दे केस चुलीत.

मॅ. शांतपणे उठल्या. "मावशी, तकलीफ देते. शेळ्या घेऊन रस्त्याच्या पलीकडं गेलात. मग काय काय केलंत? जसं केलंत तसं दाखवता? इथंच. साहेब, घड्याळाकडं बघावं अशी विनंती आहे."

कं.व. उसळले, हे काय नाटक आहे. साहेब म्हणाले, बसा.

मायनं आधी साहेबांकडं, मग माझ्याकडं बघितलं. मग खरंच केलं. चार पावलं चालली. शेळ्या बांधाला लावल्या, हातानंच. खाली बसली, कोर्टाच्या फरशीवर. कमरेची चंची सोडली, चंची नव्हतीच. दोरी उलगडली. चिमूट घेतली, काड्या निवडून फेकल्या. चुन्याची डबी उघडली, अंगठ्यानं मळत राहिली. मळत राहिली. कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा. झटकली, ओठाखाली धरली, हात पुसले. "आन् मंग वर बघितलं, तवा ते शेपटाजवळ व्हते. टिप्पर पुलावर व्हता."

साहेब म्हणाले, "दोन मिनिटं चाळीस सेकंद."

मॅ.: "म्हणजे टिप्पर पुलावर दिसण्याच्या आधीपासून अडीच मिनिटं रस्ता मेंढरांनी भरलेला होता. आणि पुलापासून रस्ता सरळ आहे, पोलिसांच्याच नकाशात. अचानक कोण आलं, साहेब?"

कं.व. कागद चाळत बसले.

बाहेर मायला पाणी दिलं. म्हणाली, "म्या सांगायला नगं व्हतं ना?" मी तिला चारचौघांत, वकिलांच्या गर्दीत घट्ट धरलं. रडले पण. अगं, तू सांगितलंस म्हणून तर!

१२ डिसेंबर, गुरुवार
ड्रायव्हरची साक्ष. मला वाटलं होतं त्याला बघून रक्त उसळेल. तसा साधाच माणूस, पोट सुटलेला, केस रंगवलेले. सारखा ओठांवरून जीभ फिरवत होता.

कं.व.नी विचारल्यावर पाठ केलेलं म्हणाला: म्हातारा अचानक आडवा आला, माझा नाइलाज झाला.

मॅ.: "मेंढ्या दिसल्या होत्या?"
"दिसल्या ना मॅडम. लई होत्या. सगळा रस्ता भरला होता, साइडनं काढायलाबी जागा नव्हती. मी तरी काय करणार?"
"कुठून दिसल्या?"
"पुलावरूनच दिसल्या."
"मग ब्रेक?"
"हॉर्न मारला. मला वाटलं पांगतील."

कं.व.नी डोळे मिटून घेतले. मॅ.नी त्याला वाक्य परत म्हणायला लावलं, आणि तो मदत केल्यासारखा परत म्हणाला. मग तो माझ्याकडे न बघता बोलला, "मेंढ्या पांगल्याच न्हाईत." हॉर्नला मेंढरं कधी पांगतात का! उलट एकमेकांत शिरतात. मेंढराचं माहीत नव्हतं, पण ब्रेकचं तरी होतं ना? त्याला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. बाहेर पडताना त्यानं मायला हात जोडले. मायनं बघितलं की नाही ते कळलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार
युक्तिवाद झाले. कं.व.नी शेवटी पदर पसरला, निदान अर्धी चूक तरी मयताची धरा. मॅ. म्हणाल्या, "काठी आडवी धरून उभं राहणं ही चूक असेल, तर रेल्वे फाटकावरच्या माणसाचीही चूक." निकालाची तारीख पडली.

माय रोज विचारते. मी रोज तीच तारीख सांगते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
जिंकलो!!

पूर्ण. अर्धी नाही, पाव नाही. साहेबांनी निकालातलं तेवढंच वाचलं, मी हातावर लिहून घेतलं: "अपघात केवळ टिप्परचालकाच्या निष्काळजीपणामुळे घडला हे सिद्ध होते. मयताचा अथवा अर्जदार पत्नीचा त्यात कोणताही दोष नाही."

मॅ.नी बाहेर येऊन पर्स हवेत फेकली. सगळं खाली सांडलं, आम्ही दोघी वाकून गोळा करत हसत बसलो, येणारे-जाणारे वकील बघत होते. बघू देत. डेपोत पेढे वाटले. आमचा वाहतूक नियंत्रक एरवी हसत नाही, त्यानं दोन घेतले.

मायला वाक्य वाचून दाखवलं. "कोनताही न्हाई?" कोणताही नाही. "म्हंजे थोडाबी?" थोडाही नाही. ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मंग म्या तीन साल काहून..." आणि मग रडली. दहाव्याला रडली नव्हती तशी. मी स्वयंपाक केला, भात करपला, दोघींनी खाल्ला.

२३ फेब्रुवारी, रविवार
मायचा हट्ट: कागद गावात वाचायचा. आत्यासमोर. मी समजावलं, कशाला उकरायचं. "बोलली तवा चारचौघांत बोलली. आता ऐकंल ती बी चारचौघांत."

काकाच्या अंगणात बसलो. भावकीची पंधरावीस माणसं. आत्या आली, खांबाला टेकून बसली. मी उभी राहून वाचलं. कोर्टाची भाषा, निम्मी कुणाला कळली नसेल, पण "कोणताही दोष नाही" सगळ्यांना कळलं. कोकरांचा परिच्छेद आला तेव्हा म्हातारे माना डोलवत होते.

वाचून झाल्यावर आत्या म्हणाली, "ते शेवटचं परत वाच." वाचलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि कुणाशी न बोलता निघून गेली. मायकडं बघितलंही नाही.
माझं डोकं तापलं. माय मात्र खूश. "दोनदा ऐकलं की तिनं."

तिथून उठून माय मेंढरांकडे गेली. तीन वर्षांनी. मी मागं गेले नाही.

१५ मे, गुरुवार
ड्युटीवरून आले तर मॅ.चा फोन. कंपनीनं औरंगाबादला हायकोर्टात अपील टाकलंय.  मॅ. म्हणाल्या, "फिकर करू नका. टाकणारच होते. ड्रायव्हरचा हॉर्न रेकॉर्डवर आहे, तो काय पुसता येतो?" किती वर्षं चालेल? "ते माझ्या हातात नाही." कोर्ट काय धरेल? "ते पण नाही."

मायला भीतभीतच सांगितलं. ती आता पंधरा दिवस गावाकडं, पंधरा दिवस माझ्याकडं असते. आज इथं होती. शांतपणे ऐकलं.

"मंग तिथं साक्ष कवा हाय?"
"साक्ष नसते, माय. तिथं नुसते वकील बोलतात. कागदावर."
"मला बोलावनार न्हाईत?"
"न्हाई."
"काहून?"

असा राग आला तिला! जिला कोर्टाचं नाव काढलं तरी ताट सरकवावं वाटायचं ती बाई. म्हणे, एवढं मोठं कोर्ट, तीन-चार जज्ज, आन् ज्या बाईनं बघितलं तिलाच इचारनार न्हाईत? मी परत समजावलं. पटलं नाही.

"मंग म्या नुसती जाऊन बसते. पुढच्या बाकड्यावर. बोलू दे त्या वकिलाला माझ्या तोंडावर, बघू कसा बोलतो."

तारीख कधी पडते कोण जाणे. रजेचा अर्ज आत्तापासूनच टाकून ठेवावा लागेल.